भेरुंडाची कपार

रफिक मुल्लाणी गेला तो कार्तिकातल्या एका लख्ख सकाळी, साडेदहाच्या सुमाराला, आणि तो जाताना पाहणारा माणूस एकच होता. धम्मपाल कांबळे.

गगनबावड्याच्या वर, देश जिथं संपतो आणि कोकणाकडची दरी तोंड उघडते, तिथं कातळाचा एक लांबलचक सडा आहे. त्या सड्यावरून विजेची मोठी लाईन जाते आणि एकसष्ट नंबरच्या टॉवरपासून दरीत उतरते. धम्मपाल या लाईनवर बावीस वर्षं वायरमन होता, आणि रफिक नऊ वर्षं त्याचा जोडीदार. पावसाळाभर दरीतला वारा तारांना झोडपून काढतो, तारा पेलणाऱ्या चिनीमातीच्या डिस्का तडकतात, आणि दिवाळी झाली की त्या बदलाव्या लागतात. त्या दिवशी एकच डिस्क बदलायची होती. लाईन बंद करून घेतली होती. वर चढायची पाळी धम्मपालची होती.

"दादा, तू बस खाली," रफिक म्हणाला. "तुझं गुडघं वाजायल्यात, हितनं ऐकू येतंय."

"उगंच बोलू नगंस. माझी पाळी हाय."

"पाळीचं काय घेऊन बसलाईस? चा तेवढा गरम ठेव. आलोच."

आणि तो निघालाही. पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, खांद्यावर दोर. चौतीस वर्षांचा, अंगानं सडपातळ. टॉवरवर असा चढायचा की बघणाऱ्याला वाटावं, माणूस घरचा जिना चढून गच्चीत वाळवण बघायला चाललाय.

धम्मपाल एका मोठ्या कातळाला टेकून बसला. ऊन छान होतं. गवत पिवळं पडू लागलं होतं. तेवढ्यात समोरच्या दगडांवरून एक सावली सरकली. ढगाची असेल म्हणून त्यानं वर पाहिलं, तर आभाळात ढग नव्हता.

दरीतून ते वर येत होतं. पंख हलवत नव्हतं, वाऱ्यावर नुसतं उचललं जात होतं. उसाच्या ट्रॉलीवरची ताडपत्री सुटून वर उडावी, तसं पहिल्यांदा वाटलं. मग त्या ताडपत्रीला मान दिसली, वाकडी चोच दिसली, पोटाशी ओढून घेतलेले पाय दिसले. टॉवरच्या आडव्या हाताहून त्याचा एकेक पंख लांब होता. रफिकची पाठ दरीकडे होती. तो डिस्कची पिन काढत होता आणि शीळ घालत होता.

ओरडायला वेळ होता. हे धम्मपालला पुढं रोज आठवायचं. एकदा 'रफिक' म्हणण्याएवढा, कदाचित दोनदा म्हणण्याएवढा वेळ होता. त्यानं श्वास घेतलाही. आणि मग तो कातळाखालच्या सापटीत पालीसारखा सरकला आणि त्यानं तोंड मातीत घातलं.

पट्टा तुटल्याचा आवाज आला. रफिकचा आवाज आला, एकदाच, आणि तो लांब लांब जात दरीत बुडाला. धम्मपालनं मान वर केली तेव्हा टॉवर रिकामा होता आणि लोखंड अजून थरथरत होतं.

धम्मपालचा बाप छप्पन्न साली अकरा वर्षांचा होता. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेल्या आपल्या बापाबरोबर त्यानं घरातले देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले होते, आणि पुढं जन्मभर पोरांना एकच शिकवलं: भूत, करणी, अंगात येणं, सगळं झूट, डोळ्यांनी बघितलेलं आणि बुद्धीला पटलेलं तेवढंच खरं. धम्मपाल तसाच वाढला. अमावस्येला सड्यावर एकटा जाणारा वायरमन म्हणून लोक त्याला ओळखत. आता त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं, पण बुद्धीला पटत नव्हतं, आणि तरी ते सांगायची पाळी त्याच्यावरच आली.

पोलिसांना त्यानं सांगितलं. मोठं पाखरू आलं, रफिकला उचलून घेऊन गेलं. लिहिणाऱ्या हवालदारानं पेन खाली ठेवलं.

"किती मोठं?"

"ह्या खोलीत मावणार न्हाय एवढं."

"कांबळे, सकाळी काय घेतलंतं का?"

जंगलखात्याचा माणूस आला. तो म्हणाला, गिधाडं तर इथून कधीच संपली, आणि असला पक्षी कुठल्याच यादीत नाही. टेकडीपलीकडच्या वाड्यांतून वर्षभर रेडकं नाहीशी होत होती, त्याचं काय, असं धम्मपालनं विचारलं. तो बिबट्या, असं उत्तर मिळालं. कंपनीच्या साहेबानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं की माणसाला धक्का बसला की असलं काहीबाही दिसतं. कोल्हापूरहून दोर घेऊन गिर्यारोहक पोरं आली. चार दिवस दरी पालथी घातली. एक चप्पलसुद्धा मिळाली नाही. शेवटी कागदावर आलं ते असं: टॉवरवरून तोल जाऊन दरीत पडला, मृतदेह मिळून आला नाही.

बाजारात लोक मागून बोलत. तोंडावरही बोलत. "व्हय कांबळे, देव मानत न्हाईस आणि भेरुंड मानतोस व्हय रं?" किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला असतो तो भेरुंड, दोन तोंडांचा, नखांत हत्ती धरलेला. काहीजण त्याहून वाईट बोलत: पट्टा नीट बांधला का ते ह्यानं बघितलं नसणार, आता पाखरावर ढकलतोय.

त्याची बायको दीक्षा रात्री त्याच्या शेजारी जागी असायची. एकदा तिनं विचारलं, "आणखी काय हाय? तुम्ही काय तरी सांगायचं ठेवलंय."

"काय न्हाय," तो म्हणाला.

रफिकच्या चाळिसाव्याला त्याची आई चाँदबी धम्मपालच्या दारात आली. साठीची बाई, डोक्यावर पांढरी ओढणी, वडापच्या जीपनं उतरून चढ चढून आलेली, दम लागलेला. रफिकचं लग्न झालेलं नव्हतं. घरात मायलेक दोघंच. थोरली मुलगी शाहिस्ता पेठ वडगावला दिलेली. धम्मपालनं चाळीस दिवसांत चाँदबीच्या घरी दोनदाच पाय ठेवला होता, आणि दोन्ही वेळा माणसांच्या गर्दीत.

दीक्षानं पाणी दिलं. चाँदबीनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"धम्मा, पोलिसास्नी जे सांगितलंस, ते मला सांग."

त्यानं सांगितलं. सावली, पंख, पाय, पट्टा तुटल्याचा आवाज. सगळं सांगितलं, आणि जे पोलिसांना सांगितलं नव्हतं ते तिलाही सांगितलं नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला खरं वाटतंय."

या चाळीस दिवसांत हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. त्याला रडू यायला पाहिजे होतं, पण उलट त्यानं नजर चुकवली.

"का खरं वाटतंय, चाची?"

"माझं पोरगं तोल जाऊन पडणारं न्हवतं. आणि तुला खोटंच बोलायचं असतं, तर बरं खोटं बोलला असतास की. असलं कोण बोलतंय?" तिनं ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं. "जमातीची माणसं म्हणत्यात, मय्यत न्हाय तर जनाजा कसला? कबर कुणाची खणायची? बाबा, मला माझ्या लेकराची माती करायची हाय. तू बघितलंस ते कुठल्या अंगाला गेलं?"

"दरीच्या अंगाला. दक्षिणेला."

"मग तिथं कुठंतरी बसत आसंल की ते. आभाळात तर ऱ्हात न्हाय."

सड्याच्या दक्षिण टोकाला धनगरांची चार घरं होती. त्यातल्या एका घरात बायडाबाई राहायची. ऐंशीच्या पुढची, पाठीतून वाकलेली, सहा म्हशी आणि एक कुत्रं घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपाल आणि चाँदबी तिच्या अंगणात जाऊन बसले. धम्मपालला वाटलं होतं, म्हातारी हसेल नाहीतर हाकलेल. तिनं दोघांना ताक दिलं आणि सरळ विचारलं, "कुणाला न्हेलं?"

"माझ्या ल्योकाला," चाँदबी म्हणाली.

म्हातारीनं हात लांबवून चाँदबीच्या गुडघ्यावर ठेवला.

"माझी तीन रेडकं न्हेली औंदा. माणूस न्हील आसं वाटलं न्हवतं. माणसाला ते कधी शिवत न्हवतं बाई. माझ्या सासूच्या टायमाला जोडी हुती. कड्यावर जोडीनं बसली की लांबनं एका धडाला दोन तोंडं दिसायची. देवळावर काढत्यात ते तसंच काढल्यालं. मग एक मेलं. ऱ्हायलं ते हे."

"मग आताच माणसावर का आलं?" धम्मपालनं विचारलं.

"खायाला काय हाय त्येला? आमी म्हातारं जनावर मेलं की त्या सपाट धोंड्यावर ठेवून यायचो. ते यायचं, खायाचं, जायाचं. आता मेल्यालं जनावर ठेवलं की वास येतो म्हणून माणसं भांडत्यात. खड्डा काढा, मीठ घाला, पुरा. रानात सांबर ऱ्हायलं न्हाय. डोळाबी एक गेलाय त्येचा. म्हातारं झालंय. माझ्यासारखं."

"कुठं ऱ्हातंय?" चाँदबीनं विचारलं. तिला बाकीच्यात रस नव्हता.

म्हातारीनं कड्याकडं बोट केलं. कड्याच्या काठापासून पन्नास-साठ हात खाली एक कपार होती, वरून सहज न दिसणारी. सकाळी उन्हं तापली की ते निघतं आणि दुपार कलताना परत येतं, असं ती म्हणाली. धम्मपालनं काठावर पालथं पडून खाली पाहिलं. झाडाच्या फांद्यांचा एक कोपरा दिसला. फांद्या कसल्या, अख्खी झाडंच होती ती.

"मी उतरतो," तो म्हणाला. हे त्यानं चाँदबीसाठी म्हटलं, का स्वतःच्या मनातलं थांबवण्यासाठी, ते त्याचं त्याला कळलं नाही.

दोन दिवसांनी रजा टाकून तो लाईनचा दोर घेऊन आला. दीक्षाला त्यानं सड्यावर काम आहे एवढंच सांगितलं. काठावर अंजनीचं जुनं, पिळदार झाड होतं, त्याला दोर बांधला, आणि वर खबरदारी म्हणून कातळाच्या फटीत पहार ठोकून तिलाही एक वेढा दिला. कमरेला कोयता लावला. पाठीवर रिकामी पिशवी घेतली. ते सकाळी निघून गेलेलं तिघांनी झाडीतून पाहिलं होतं. चाँदबीनं ते पाहताना एकदाही डोळे मिटले नव्हते. ती नुसती बघत राहिली, आणि पंख दरीपलीकडं बारीक झाले तेव्हा तिनं काहीतरी पुटपुटून तोंडावरून हात फिरवला.

"तू खाली जा," ती म्हणाली. "मी हितं बसून आभाळ बघते. आलं तर वरडते."

धम्मपालचा हात दोरावर थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. मान हलवली आणि काठावरून खाली पाय सोडले.

कपार बैठकीच्या खोलीएवढी रुंद होती. वास असा की पहिल्यांदा त्याला ओकारी आली. घरट्यात झाडांच्या फांद्या होत्या, जुन्या तारेची भेंडोळी होती, शेतातल्या ठिबकच्या नळ्या होत्या, निळं प्लॅस्टिक होतं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता, त्यावरचे हसरे चेहरे उन्हानं पांढरे पडलेले. आणि हाडं. नुसती हाडं. शिंगं, बरगड्या, कवट्या, मणके, कितीतरी वर्षांची, एकमेकांत गुंतलेली, काही दगडासारखी काळी पडलेली. यातलं एका माणसाचं कुठलं, हे जगात कुणीच सांगू शकलं नसतं.

फांद्यांच्या मध्ये काहीतरी पिवळं दिसलं. त्यानं हात घालून ओढलं. रफिकचं हेल्मेट. एका बाजूला आरपार भोक पडलेलं. आतल्या पट्टीवर रफिकनं पेननं नाव लिहिलं होतं. हेल्मेटांची अदलाबदल होते म्हणून धम्मपालनंच त्याला लिहायला लावलं होतं. त्यानं ते पिशवीत घातलं आणि गुडघ्यांवर बसून हाडं चाळू लागला. काय शोधायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. कापडाचा एखादा तुकडा, अंगठी. रफिक अंगठी घालायचा का? नऊ वर्षं बरोबर जेवलेल्या माणसाच्या हातात अंगठी होती का नव्हती, ते आठवेना.

तेवढ्यात वरून हाक आली.

"धम्माऽऽ! धम्माऽऽ आलं रंऽऽ! धम्माऽऽ!"

म्हाताऱ्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं. कडा दुमदुमला. ती थांबत नव्हती, त्याचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा ओरडत होती, त्या पाखराचं लक्ष आपल्याकडं जाईल याचीही तिला पर्वा नव्हती. धम्मपाल कपारीच्या मागच्या फटीत घुसला आणि आतल्या दगडाला पाठ लावून श्वास धरून उभा राहिला.

उजेड गेला. आधी वारा आला, मग धूळ, मग ते उतरलं आणि सगळी फांद्यांची रास करकरली. हात लांबवला असता तर त्याच्या पिसांना लागला असता. पिसं कडांना झिजलेली, मातकट. पायाचं एक बोट मुळातून तुटलेलं. छातीतून घर्र घर्र आवाज येत होता, दम्याच्या माणसासारखा. त्याच्या नखांत काही नव्हतं. रिकामंच परत आलं होतं.

त्यानं मान वळवली. या बाजूचा डोळा मोती पडलेला, दुधाळ. मग त्यानं हळूहळू पुरी मान फिरवून दुसरा डोळा फटीकडं लावला. पिवळा, ताटलीएवढा डोळा. धम्मपालला त्यात आपण दिसलो, उभे, बारीक, कमरेला कोयता लावलेले. कोयत्याकडं त्याचा हात गेला नाही. ते त्याच्याकडं बघत राहिलं. त्या डोळ्यात राग नव्हता की दया नव्हती, ओळख नव्हती. मग जणू एवढ्याशा फटीतल्या एवढ्याशा प्राण्यासाठी कष्ट घेण्याची ताकद नाही असं ठरवून, ते वळलं. चोचीनं एक फांदी उचलून घरट्याच्या कडेला नीट लावली. आणि मान पिसांत खुपसून बसलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खाली बघता बघता धम्मपालला पायाशी एक हाड दिसलं, स्वच्छ, पांढरं, इतरांहून नवं. त्यानं ते उचललं. ते रफिकचं नसेल हे त्याला उचलतानाच वाटलं होतं. तरी त्यानं ते पिशवीत घातलं. मग चोरपावलांनी तो दोरापाशी आला आणि हातापायांनी चढू लागला, खाली झोपलेल्या त्या राशीकडं न बघता. वर दोन म्हाताऱ्या हातांनी त्याचा शर्ट पकडून त्याला काठावर ओढलं.

चाँदबीचा घसा बसला होता. ती कुजबुजली, "लागलं न्हाय न्हवं तुला?"

तिघंही झाडीत आडोशाला गेली. त्यानं हेल्मेट काढून दिलं. तिनं ते छातीशी धरलं आणि आतल्या पट्टीवरच्या नावावरून बोट फिरवलं. ती रडली नाही. मग त्यानं दुसरी वस्तू काढली.

"चाची, हे... हे सापडलं. हेल्मेटच्या बाजूलाच हुतं. त्येचंच असणार."

चाँदबीनं हाड हातात घेतलं. उलटंसुलटं केलं, वजन बघितलं. तिचा नवरा मुल्लाणकी करायचा. गावोगाव बकरी कापायला त्याला बोलवत. त्याच्याबरोबर तिनं तीस वर्षं मांस साफ केलं होतं, हाडं तोडली होती.

"धम्मा, माणसाच्या मांडीचं हाड लांब असतंय," ती शांतपणे म्हणाली. "हे आखूड हाय आणि जाड. हे रेडकाचं हाय."

बायडाबाईनं मान खाली घातली.

"मला समजूत घालायला आणलंस," चाँदबी म्हणाली. "काय हरकत न्हाय. तू जिवावर उदार हून उतरलास. माझ्या पोराची तू..."

"चाची, गप्प बसा," धम्मपाल म्हणाला. आणि मग त्याला ते पोटात ठेवता आलं नाही. "मी बघितलं हुतं ते. आधीच बघितलं हुतं. रफिकची पाठ हुती. त्येला दिसत न्हवतं, मला दिसत हुतं. मी वरडलो न्हाय."

ती त्याच्याकडं बघत राहिली.

"वरडायला येळ हुता. पाळीबी माझी हुती. मी दगडाखाली शिरलो आणि तोंड लपवलं. कुणाला सांगितलं न्हाय हे. दीक्षाला बी न्हाय."

खाली दरीत एक होला घुमत होता, तेवढाच आवाज. चाँदबीनं हाड अलगद गवतावर ठेवलं. ती बोलली तेव्हा तिचा बसलेला आवाज अगदी कमी झाला होता, आणि त्याला पुढं झुकून ऐकावं लागलं.

"वरडला असतास तरी कदाचित न्हेलंच असतं त्येला. मला कळतंय. पण त्येला तुझा आवाज ऐकू आला असता की रं. कुणीतरी बघतंय आपल्याकडं, एवढं तरी त्येला कळलं असतं."

तिनं हेल्मेट ओढणीत गुंडाळलं आणि ती उठली. धम्मपाल हात द्यायला पुढं झाला. तिनं तो घेतला नाही. बायडाबाई तिच्या मागून काठी टेकत गेली, आणि दोघी वाकलेल्या बायका पायवाटेनं घरांकडं उतरत गेल्या. त्यानं दोर सोडला, पहार उपसली, आणि संध्याकाळपर्यंत तो तिथंच बसून राहिला.

कब्रस्तानात हेल्मेट पुरायला जमातीनं नाही म्हटलं. तसं करता येत नाही, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. चाँदबीनं ते परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी पुरलं. दोन-चार शेजारणी होत्या. हे धम्मपालला दीक्षाकडून कळलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच रात्री त्यानं दीक्षाला सगळं सांगितलं. तिनं उठून त्याच्या अंगावर चादर घातली. पण नंतर कित्येक दिवस ती त्याच्याकडं बघताना नजर थोडी बाजूला ठेवायची.

तो पोलिसांकडंही गेला. म्हणाला, माझा जबाब अर्धा आहे, पुरा लिहून घ्या. हवालदारानं ऐकून घेतलं. "म्हंजे पाखरू येताना दिसलं, आणि तुम्ही वरडला न्हाय."

"व्हय."

"पण कांबळे, पाखरूच कागदावर न्हाय. मग न वरडल्याचं कुठं लिहू?" त्यानं फाईल उघडलीच नाही. "केस बंद झाली. घरी जावा."

धम्मपालला वाटलं होतं, कुणीतरी शिक्षा देईल. कुणालाही ती द्यायची नव्हती.

माघ संपता संपता बायडाबाईची एक भाकड म्हैस मेली. तिनं निरोप धाडला. धम्मपाल गेला, आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या तिच्या नातसुनेच्या मदतीनं, दोर लावून, ती म्हैस त्यांनी सपाट धोंड्यावर ओढून ठेवली. दुपारी ते आलं. धम्मपाल झाडीत उभा होता, पन्नास पावलांवर. चोच पोटात घुसली तेव्हा त्याच्या मनात आलं की आत्ता कोयता घेऊन धावावं. तो धावला नाही. ते सावकाश, थांबत थांबत खात होतं, दात पडलेला माणूस भाकरी खातो तसं. बायडाबाई दगडावर बसून बघत होती.

"पोट भरलं की माणसाकडं बघत न्हाय ते," ती म्हणाली.

"आधी का न्हाय ठेवलं मग?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज चढला. "तीन रेडकं गेली तवाच का न्हाय सांगितलंस कुणाला?"

"सांगितलं असतं तर कोण ऐकणार हुतं बाबा? तूच ऐकला असतास?"

त्या वर्षी त्यांनी आणखी दोनदा जनावर ठेवलं. एकदा आसपासच्या वाड्यांतली माणसं वासावरून भांडायला आली आणि धम्मपालनं शिव्या खाल्ल्या. सड्यावरून त्यानंतर रेडकू गेलं नाही, माणूसही नाही. बिबट्या दुसरीकडं गेला, असं जंगलखात्यानं सांगितलं. एकसष्ट नंबरच्या टॉवरवर दुसरी जोडी डिस्का बदलून आली आणि त्यांना काही दिसलं नाही.

चाँदबी घर बंद करून शाहिस्ताकडं पेठ वडगावला गेली होती. चैत्रात, एका रविवारी, धम्मपाल तिकडं गेला. गावच्या बाजारातून वाट विचारत तो गल्लीत पोचला तेव्हा चाँदबी उंबऱ्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिनं त्याला पाहिलं. ती उठली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. शाहिस्तानं आतून पाणी आणून दिलं आणि ती पुन्हा आत गेली.

"चाची, पाच महिने झालं. कुणाला न्हेलं न्हाय त्येनं. आमी खायाला ठेवतो."

चाँदबीची बोटं शेंगांवर चालू होती.

"माझ्या पोराला खाल्ल्याल्या तोंडात घास घालताईसा," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता, तोच थकलेला, पुरता न सुटलेला घसा होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "घाला. दुसऱ्या कुणाच्या आईला हे नगं."

त्याला आणखी काही बोलायचं होतं. माफ करा, असं म्हणायचं तो घरून ठरवून आला होता. वडापमध्ये बसल्यावर, पूल ओलांडताना, त्यानं ते मनात दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. आता तिच्या समोर बसल्यावर ते एवढं लहान वाटलं की तोंडातून निघेना. तो शेंगांच्या टरफलांचा ढीग बघत बसला. उन्हं उंबऱ्यावरून सरकली. चाँदबीनं दाण्यांचं सूप उचललं आणि उठताना एक हात दाराच्या चौकटीला टेकला.

"ऊन लागंल. जा आता," ती म्हणाली आणि आत गेली.

तो स्टँडवर आला तेव्हा कोल्हापूरची गाडी नुकतीच सुटली होती. पुढची गाडी कधी आहे ते त्यानं कुणाला विचारलं नाही. शेडमधल्या बाकावर तो बसून राहिला, हातात रिकामी पिशवी, आणि समोर माणसं येत-जात राहिली.